हात माहे, पोट कोनाचं?

रोशनीनं नोकरी सोडली. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. ती अजून मनीषनगरच्या गेम स्टुडिओत आपल्या खुर्चीतच आहे, आणि शेजारी तिची आई कांताबाई पांढरी साडी नेसून स्क्रीनकडे बघत बसली आहे.

गेमसाठी जुन्या जपानमधली लढवय्यी हवी होती. लांब दांड्याला पातं लावून घोडेस्वाराला खाली खेचणाऱ्या बायका तिथं खरोखर होऊन गेल्या. त्यांच्या हालचाली टिपायचं यंत्र मात्र स्टुडिओला परवडत नाही. तिथं घरच्यांचे व्हिडिओ काढून भागवतात. गेममधला राक्षस चालतो तो स्टुडिओचे मालक प्रीतमसर यांच्या सासऱ्यांसारखा. कांताबाई समता सैनिक दलात लाठी शिकलेली. तिनं गच्चीवर बांबू फिरवला, रोशनीनं फोनवर टिपला. मग महिनाभर खपून त्याच हालचाली लढवय्यीला दिल्या, तिला गळ्यापासून घोट्यापर्यंत चिलखत चढवलं आणि आईला बघायला बोलावलं.

काल प्रीतमसरांनी चिलखत उतरवलं. वर दोन वाट्या ठेवल्या, खाली एक चिंधी. संरक्षणाचे गुण मात्र दुप्पट केले.

स्क्रीनवर लढवय्यी आली. डावा पाय पुढे, उजवा खांदा जरा उतरलेला. कांताबाईनं स्वतःला लगेच ओळखलं. हसली. मग हसू तसंच राहिलं आणि हात पदराकडे गेला.

"हे लढाईले चालली का आंघोळीले वं?"

प्रीतमसर खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"काकू, पब्लिकले असंच लागते," प्रीतमसर म्हणाले. "इतिहास कोन पाहून राहिलं?"

"पोटात बाण घुसन ना."

"नाही घुसत. सेटिंगच तशी केली आहे."

कांताबाईनं स्क्रीनवर बोट टेकवलं. "हात तं माहे आहेत. पोट कोनाचं लावलं?"

"व्हिडिओ दिला ना तुम्ही काकू? आता हातही कंपनीचेच."

कांताबाई उठली. पदर पोटावरून घट्ट ओढून, तो तसाच धरून जिना उतरली.

रोशनीनं राजीनामा टाइप केला. कारणाच्या जागी लिहिलं:

"सदर लढवय्यी ही अर्जदाराची आई असल्याने, पुढील शत्रू येण्यापूर्वी तिचे चिलखत परत करण्यात यावे. ते शक्य नसल्यास तिचे हात तरी परत मिळावेत, ही नम्र विनंती."