वाऱ्याकडची बाजू

“चूड खाली ठेव!” नागू बांधावरून ओरडला. “या घरच्या राबाला तुझा हात लागायचा नाय.”

“भावजी, त्यांच्या वाट्याचा तेवढा वाफा भाजते,” सुंदरा म्हणाली. “मग जाते.”

“त्याचा वाटा त्यानं जाळला. ठेव खाली!”

भातरोपाच्या वाफ्यांवर माती भाजण्यासाठी शेणपाल्याचा राब रचून ठेवला होता. सुंदराने पेटती चूड मातीत दाबून विझवली. तिचं गाठोडं बांधून तयार होतं. पळसदरीहून तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता आणि आंब्याखाली बैलांना पाणी दाखवत होता. मेलेल्या धाकट्या भावाच्या, गजाच्या बायकोला नागू आज माहेरी धाडत होता, आणि ते कायमचं. पोशीरमध्ये कुणी त्याला नावं ठेवणार नव्हतं. एवढे दिवस ठेवली हेच पुष्कळ, असंच गाव म्हणत होतं.

कारण गजा लढाईत मेला होता, पण लढाईने नव्हे, स्वतःच्या मूर्खपणाने. दोघे भाऊ मजूर पलटणीतून मिसर देशात गेले होते, इंग्रजांच्या विमानतळावर. नागू तिथल्या भटारखान्यात डेगी घासायचा. गजाला टेकडीपलीकडच्या माळावर कसल्याशा कामाला नेलं होतं. एका रात्री जर्मनांची विमानं आली आणि सगळे बाँब त्या माळावर टाकून गेली. सकाळी साहेबाने दुभाष्याकडून नागूला एवढंच सांगितलं, “तुझ्या भावाने आग लावली. ती दिसली म्हणून बाँब पडले.”

दिवाबंदीत विडी पेटवली तरी कोठडी, आणि या शहाण्याने आग लावली! माळावरून वाचून आलेला एक जण तर म्हणाला, गजाने वाऱ्याकडून चूड लावली, जाळ आभाळाला भिडला. तेव्हा नागूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, ती चार वर्षं उतरली नव्हती. आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, राबाला आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावायची. मग ती धुमसत, मागे मागे सरकत माती नीट भाजते. वाऱ्याकडून, म्हणजे वारा येतो त्या बाजूने लावली की नुसता भडका. आग लावायची नव्हती तिथे लावली, आणि लावली तीही शेतकऱ्याच्या पोटच्याला न शोभेल अशी. लढाई संपल्यावर घरी आलेल्या नागूने रागाच्या भरात हे चावडीवर सांगून टाकलं. त्या दिवसापासून विहिरीवर बायका सुंदराला ‘आगलाव्याची’ म्हणू लागल्या. गजाबरोबर गावचा लडकूही मेला होता, त्याची आई सुंदराला बघून बोटं मोडायची. पितरांच्या पंधरवड्यात नागूने गजाच्या नावाचं पानसुद्धा वाढलं नाही.

“बायकोमाणसावर काय वरडतोस रं, नाग्या?”

पाणंदीतून एक माणूस काठी टेकत लंगडत आला. नागूला ओळखायला वेळ लागला. खालापूरचा धाकलू! त्या रात्री तोही माळावर होता. त्याला जखमी अवस्थेत दवाखान्यात नेलं होतं, मग पुन्हा तो कुठे दिसलाच नाही. दोघे बांधावर बसले. गप्पांत तिथली वाळू मिसळलेली रोटी निघाली, मटणावर पोसलेलं साहेबाचं कुत्रं निघालं. नागू कितीतरी दिवसांनी हसला.

धाकलूने समोरचे वाफे बघितले. शेण, टहाळ, वर पेंढा, त्यावर माती. “तिथंबी आपला हाच धंदा,” तो म्हणाला. “साहेबानं इचारलं, रातभर धुमसती आग कुनाला राखता येते? गजानं हात वर केला.”

“कसली आग?”

“अरं, नकली विमानतळ होता तो! लाकडाची विमानं, रिकामे तंबू, नि रातची आमची आग. वरनं बघनाऱ्याला वाटावं, विमानतळ हितंच हाय. बाँब आमच्यावर पडावं, तुमी वाचावं. तोंड उघडलं तर गोळी घालू, असा दम होता.”

नागू ताडकन उठला. “खोटं! साहेब बोलला, आग दिसली म्हनून बाँब पडले.”

“मग त्यात खोटं काय? दिसावी म्हनूनच लावलेली.” धाकलू थुंकला. “साहेबाच्या एकाबी विमानाला ओरखडा उठला नाय.”

“आनि वाऱ्याकडनं लावली ती?” नागूचा आवाज चढला. चार वर्षांचा राग हातातून निसटत होता आणि तो त्याला सोडवत नव्हता. “ती बी साहेबानं सांगितली?”

“नाय. ती कुनी नाय सांगितली.” धाकलू खाली बघत म्हणाला. “त्या राती राब नुसता धुमसत होता. विमानं आमच्या डोक्यावरनं पुढं निघाली, तुमच्याकडं. आमी म्हनलं, सुटलो! खड्ड्यात पडून रायलो. गजा तेवढा उठला. ‘तिकडं माझा दादा हाय,’ बोलला. नि चूड घेऊन वाऱ्याकडं पळाला.”

सुंदरा वाफ्याच्या कडेला तशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

नागूला राग आला. साहेबाचा आला, दुभाष्याचा आला, चावडीवर मान डोलावणाऱ्या गावाचा आला. आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा आला. ज्याच्यामुळे ती तोंडात शिल्लक होती, त्यालाच तिने चार वर्षं शिव्या घातल्या होत्या.

“ताई, चल गं, ऊन चढतंय,” आंब्याखालून तिच्या भावाने हाक मारली. तो बैल जुंपत होता.

“बैल सोड!” नागू एवढ्या जोराने ओरडला की बैल बिचकले.

त्याने मातीतली चूड उचलली, झटकली, पुन्हा पेटवली आणि सुंदरापुढे धरली. तिने ती घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही. वाफ्याला वळसा घालून ती पलीकडे गेली. वारा तिच्या पाठीवर होता.

“वैनी, तिकडनं नको!” धाकलू ओरडला. “भडकंल!”

“भडकू दे,” नागू म्हणाला.