अळणी मसूर

प्रभुभोजनासाठी बायकांची रांग लागली, पण वदाद जागची हलली नाही. हातातला पांढरा रुमाल तिने मुठीत चुरगाळला. इजिप्तमधल्या मिन्या शहरातल्या त्या चर्चमध्ये रांगेत वदाद पुढे नाही, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या नर्गिसने वळून विचारलं, बरं नाही का? वदादने मान डोलावली. म्हणजे वेदीसमोर खोटंही बोलून झालं.

घडलं होतं एवढंसं. सून दमियाना आजारी आईला बघायला कालच माहेरी गेली होती, तिथूनच परस्पर चर्चला येणार होती. दर शुक्रवारच्या उपासनेनंतर लेक-जावई जेवायला यायचे, म्हणून सकाळी मसूर वदादनेच शिजवला. सून आल्यापासून शुक्रवारी ती चुलीपाशी उभी राहिली नव्हती. मिठाच्या बाबतीत तर भारी काटेकोर. नादात तिने चमचा तोंडात घातला, गिळला, आणि मग तिच्या लक्षात आलं. प्रभुभोजनाआधी पाण्याचा घोटही चालत नाही, आणि हिच्या पोटात चमचाभर मसूर.

जावं का तसंच? कुणाला कळणार होतं? पण पाय उचलेनात. आता बायका काय म्हणतील, हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण दोन वर्षं ती स्वतःच तसं म्हणत आली होती. लग्नानंतरचा पहिला शुक्रवार सोडला, तर दमियाना रांगेत कधी गेलीच नव्हती. शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसायची. घरी परतताना वदाद तिला आल्यागेल्यांसमोर सुनवायची, "कुठलं पाप पोटात धरून बसलीयस गं? अबूनांना सांगून मोकळी हो एकदा." अबूना म्हणजे चर्चचे धर्मगुरू; त्यांच्यापुढे स्वतः पापाची कबुली द्यायला बसली, तरी स्वतःपेक्षा सुनेचंच जास्त सांगायची.

आणि आज तिला रांगेत दमियाना दिसली. तोंडापाशी रुमाल धरलेली, डोळे भरून आलेले. चला, हिने शेवटी कबूल केलं म्हणायचं, असं वदादच्या मनात आलं. आपल्या बोलण्याचाच हा गुण, म्हणून तिला जरा बरंही वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर तिने सुनेला गाठलं. "झालीस ना मोकळी? काय होतं गं एवढं?"

दमियानाने हातातल्या रुमालाची घडी घातली.

"काही नव्हतं, आई. लग्नानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मसूर अळणी झाला. तुम्ही सगळ्यांसमोर ताट सरकवलंत आणि म्हणालात, यापुढे चाखल्याशिवाय चुलीवरून उतरवायचं नाही. आज तुम्ही शिजवलंत, म्हणून मला जाता आलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वदादला सोसेना. दोन वर्षं या पोरीला आपणच उपाशी ठेवलं, आणि वर पापीही ठरवलं. तिने सुनेचा हात धरला. बोलायला गेली, तर तोंडात अजून सकाळचीच चव होती.

पुढच्या शुक्रवारी सासू-सून पाठोपाठ रांगेत होत्या. घरी आल्यावर सगळे जेवायला बसले. जावयाने पहिला घास घेतला आणि मीठ मागितलं. मसूर पार अळणी झाला होता.

वदादने तो तसाच दोनदा वाढून घेतला.