मोराचं डोकं

पडद्यावरच्या साडीतल्या मोराचं डोकं गेलेलं दिसलं, तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चार वाजता साडीच्या कारखान्याचा सेठ येणार होता. साडीच्या बॉर्डरी काढणारा हा प्रोग्राम हेमराजने दोन वर्षं एकट्याने लिहिला होता. सेठला पटला तर ठीक. नाही तर कम्प्युटर सेठचाच होता, तो उचलून नेणार होता.

"मोरनी मुंडी कोठे गयी?" मागून वडील म्हणाले. आबा पंचवीस वर्षं, लूमवर नक्षी उमटावी म्हणून, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडत होते. आता गोडादऱ्याच्या या खोलीत बसून मुलाच्या चुका बघत.

"सापडी जाई, आबा. येन्हामा जुनं सगळं शे."

खरंच होतं. प्रोग्राम जपणारा आणखी एक प्रोग्राम कम्प्युटरमध्ये होता. केलेला प्रत्येक बदल तो नंबर लावून ठेवायचा आणि दर वेळी विचारायचा: कारण? हेमराजने यादी उघडली. सदतीस बदल. सदतीस वेळा कारण एकच: 'बदल केला.'

"बदल करा ते समजनं," आबा म्हणाले. "कसाले करा?"

हेमराजला आठवेना. एकेक जुना प्रोग्राम काढून, चालवून बघत तो मागे निघाला. छत्तीस: डोकं नाही. पस्तीस: नाही. चौतीस: डोकं आहे, पाय नाहीत. एकतिसाव्याला मोर आला. अख्खा, तुऱ्यासकट, पंधरा दिवसांपूर्वी होता तस्सा.

आबांनी टोपी काढली. ती ते फक्त अंघोळीला काढत.

"म्हंजे येनी काहीच फेकं नही?"

मग ते उठले आणि माळ्यावरून पत्र्याची पेटी घेऊन आले. आत सुतळीत ओवलेली कार्डं. डिझाइन बदलताना काढलेलं एकही कार्ड त्यांनी टाकलं नव्हतं. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख आणि कारण. 'जरीचा धागा जाड आला.' 'सेठला हत्ती नको.' 'चष्मा लागला.'

हेमराज एकेक कार्ड उलटून वाचू लागला. इकडे एकतिसावा परत ठेवायचा म्हणून पडद्यावर कम्प्युटर ताटकळला होता: कारण? सवयीने बोटाने 'ब' दाबला.

तेवढ्यात हाताला एक पिवळं पडलेलं कार्ड लागलं. '१७ जुलै ७२. मुलगा झाला. भोकं भलतीकडे पडली.'

आबांना मुलगा एकच.

खाली सेठची स्कूटर थांबली. हेमराजने 'ब' खोडला.