ओळखीची लाट

तीन वर्षं माझ्याकडे स्फटिकाच्या क्ष-किरण चित्रातले नुसते ठिपके होते. ठिपका किती ठळक ते दिसायचं, पण त्यामागची लाट पुढे होती की मागे, ते काही केल्या कळेना. आज जिची चाल आधीच माहीत आहे अशी ओळखीची लाट त्या लाटेसोबत सोडली, दोघी मिसळून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटल्या, त्यांवरून पुढे-मागे कळलं आणि रेणूचा आकारच समोर आला! शेजारच्या टेबलावरची मैत्रीण नाचायला लागली. मी स्पीकरवर आईला फोन लावला.

"आई, सुटलं! लाट एकटी असली की काही सांगत नाही गं. ओळखीची सोबत मिळाली की सगळं बाहेर येतं."

"हे मला विचारायचंस ना!" आई हसली. "तुला कधीही विचारलं की 'मजेत आहे' म्हणतेस. म्हणून तर मी रोज तुझ्या मैत्रिणीलाही फोन करते."

नाचणारी मैत्रीण एकदम सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसली.