तंबूतली कललेली रोपं

घरात बारा महिने दिव्याच्या उजेडात भाजी पिकवायला कापडी तंबू मीच निवडला. दुकानदार मोठा गळ्यात मारत होता, मी ठणकावलं, "चार फुटीच दे, दिवा मधोमध हवा."

तरी टोमॅटोची रोपं भिंतीकडे कलली. लेक म्हणाला, "आई, दिवा तिरका असेल."

"दिवा सरळ आहे, तूच तिरका उभा आहेस."

कुंड्या फिरवल्या, रोपं पुन्हा तिकडेच. भिंतीपलीकडे सूनबाई तान्ह्या नातीला घेऊन झोपते.

आज ती नातीला घेऊन बाहेर आली, तशी उघड्या तंबूतली रोपं हळूहळू तिच्यामागे वळली.

मी घाबरणाऱ्यातली नाही. "पोरगी माझ्याकडे दे," म्हटलं आणि नातीला घेऊन थेट दारात गेले.

रोपं सूनबाईकडेच वळलेली राहिली.

"काय झालं, आई?" तिनं विचारलं. तीही रोपांकडे तेवढीच कलली होती.