इमामजामीन

रजा संपवून हमीद परदेशी बोटीवरच्या नोकरीवर परत निघाला. दिघीच्या धक्क्यावर आईने रिवाजाप्रमाणे त्याच्या दंडाला इमामजामीन बांधला; हिरव्या फडक्यात गुंडाळलेलं नाणं, प्रवासी सुखरूप परतावा म्हणून. जवळच त्याची बायको जैबुन्निसा उभी होती. गेल्या खेपेला तो समुद्रावर असताना त्यांचं बाळ गेलं, तेव्हापासून तिचं हसणं-बोलणं आटलं होतं. दर्गा झाला, हकिमाचे काढे झाले. शेजारणी म्हणत, “कमावता नवरा हाय, कौलारू घर हाय, हिला दुःख कसलं?” हमीदने नोकरी सोडून घरी थांबावं तर चूल कशी पेटणार? लाँचची शिट्टी झाली. आपल्याहून लांब तर हीच गेलीय, असं वाटून हमीदने स्वतःच्या दंडाची गाठ सोडली आणि नाणं बायकोच्या दंडाला बांधलं. आई पुटपुटली, “अरे, हे जाणाऱ्याला बांधतात.” जैबुन्निसाने दंडाकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी ती हसली. “मला बी नेताय?” पदर सावरून ती लाँचच्या फळीवर चढली.