नजरेची नोंद

"ताई, त्या कारवाल्याची नजर कुठे होती ते बघायचं, तर तुमचीही नोंद उघडावी लागेल," वकील गुरव म्हणाले. "हल्ली स्कूटरसुद्धा चालवणाऱ्याची नजर टिपते."

नोंदी उघडण्याच्या संमतीपत्रावर शर्वरीचं पेन थांबलं. तो मोबाइल बघत होता, यात शंकाच नव्हती. पण धडकेआधी तीही आरशात बघत होती, मागे बसलेल्या ओवीचा पट्टा सुटलाय का म्हणून. दिवसातून शंभरदा बघायची, तसंच.

"मग भरपाई जाईल? हिच्या पायाचं दुसरं ऑपरेशन आहे."

"कमी होईल. पण नोंद उघडलीच नाही, तर तो साफ सुटेल."

"आई, इकडे बघ ना," प्लास्टरमधला पाय दाखवत ओवी म्हणाली, "आत खाजतंय."

शर्वरीने सही पूर्ण केली आणि मगच तिच्याकडे पाहिलं.